सोनोमीटर भंगारात, क्वांटमची पाटी दारावर: आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच कॉलेजातला फिजिक्सचा लॅब असिस्टंट. चोवीस वर्षं झाली नोकरीला. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण बदनामी करायची नाहीये, आणि नागपुरात ज्यांना कळायचं त्यांना तसंही कळेलच. आधी दोन अर्ज रीतसर आवक-जावक मध्ये दिले, त्याच्या पोचपावत्या आहेत, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिलोय.

विषय सात नंबरच्या खोलीचा. मागच्या महिन्यात नोटीस निघाली की सात नंबरमधली "जुनी व कालबाह्य" उपकरणं निर्लेखित करायची आणि त्या जागेत "क्वांटम सेल" (क्वांटम म्हणजे अणू-कणांच्या जगाचे नियम) सुरू करायचा. एसी लागला, स्मार्ट बोर्ड लागला, दारावर सोनेरी अक्षरांची पाटी, बाहेर फ्लेक्स, फ्लेक्सवर एक मांजर अर्धी पांढरी अर्धी काळी आणि खाली लिहिलंय की विज्ञानानुसार तुम्हीही एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकता. रिबीन कापली, चहा आणि समोसे झाले. आणि अकरा सोनोमीटर (पेटीवर ताणलेली तार, सूर मोजायला), गुरुत्वाकर्षण मोजायचे दोन केटरचे लोलक, दोरीवरच्या लाटा दाखवणाऱ्या मेल्डेच्या प्रयोगाचे चार सेट, पीळ घेऊन झुलणारा टॉर्शनल पेंडुलम आणि लाकडी पेटीतले सगळे ट्यूनिंग फोर्क (एकच सूर देणारे धातूचे चिमटे) मागच्या जिन्याखाली जाऊन पडले. या शनिवारी भंगारवाला येणार, किलोवर.

मला क्वांटमचं वावडं नाही, उलट माझा राग त्याच्यासाठीच आहे. तुम्ही ज्या विषयाच्या नावानं ही खोली रिकामी केली, त्या विषयात आज जगभर जे काही मोठं होऊन राहिलं ना, ते याच सामानाच्या भाऊबंदांवर होऊन राहिलंय. कंप पावणारी तार, ढोलकं, लोलक, आरसा, स्फटिक. मी बीएस्सीच्या पुढे शिकलेला नाही, पण लॅबमधल्या रिकाम्या तासांना वाचत असतो, आणि फ्लेक्स छापणाऱ्यापेक्षा बरं वाचतो एवढं म्हणायला हरकत नसावी.

आधी मांजरीचं. श्रोडिंगर या शास्त्रज्ञानं १९३५ मध्ये ती मांजर मांडली ती "बघा किती भारी" म्हणून नाही. त्याचं म्हणणं असं की अणूंचे नियम जसेच्या तसे रोजच्या वस्तूंना लावले तर एक मांजर जिवंत आणि मेलेली अशी एकत्र मिसळून बसेल, आणि हे तर हास्यास्पद आहे, मग आपलं चुकतंय कुठे? तो प्रश्न होता, तुम्ही तो जाहिरात म्हणून लावलाय. आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लोकांनी मांजर घेतली नाही, एकेक करत थोडी थोडी मोठी वस्तू घेतली. १९९९ मध्ये व्हिएन्नाला झाइलिंगरच्या गटानं साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू घेऊन दाखवलं की तो फटींमधून लाटेसारखा जातो. २०१९ मध्ये तिथेच दोन हजाराच्या आसपास अणू असलेल्या, हायड्रोजनच्या पंचवीस हजार पटीहून जड रेणूंवर तेच करून दाखवलं.

पण रेणू म्हणजे अजून धूळ सुद्धा नाही. खरी वस्तू, म्हणजे हातानं बनवलेली, जिला आकार आहे, जी टांगता येते, थरथरवता येते, तशी वस्तू २०१० मध्ये आली. अमेरिकेत सांता बार्बराला ओ'कॉनेल, क्लेलँड आणि मार्टिनिस यांनी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी एक पातळ पट्टी बनवली, सेकंदाला सहा अब्ज वेळा जाड-बारीक होणारी. तिला २५ मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या चाळिसाव्या भागापर्यंत, थंड केलं आणि "अजिबात कंप नाही" आणि "कंपाचा एक दाणा आहे" या दोन्ही अवस्थांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे दोन्हींत एकदमच, ठेवलं. किती वेळ टिकलं? सहा नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे सहा अब्जांश. तेवढ्यात त्या पट्टीचे पस्तीस-चाळीस हेलकावे होतात बस. जिन्याखाली पडलेला आपला सेकंदाला २५६ कंपांचा (२५६ हर्ट्झचा) फोर्क रबरावर आपटला तर एका सेकंदात त्याच्या कितीतरी पट जास्त हलतो. म्हणजे हेलकावे टिकवण्याच्या बाबतीत आपला गंजका फोर्क त्या जगप्रसिद्ध पट्टीच्या पुढे आहे, आणि तुम्ही तो किलोवर विकून राहिले.

आता इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण समितीत कॉमर्सवाले पण आहेत आणि त्यांना कोणी हे नीट सांगितलेलंच नाही.

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्याची गोष्ट. उमरेडकडची एक मुलगी, रोज एसटीनं येणारी, बॅकलॉगचं प्रॅक्टिकल करत होती. बाहेर पंचेचाळीस अंश. सोनोमीटरच्या तारेवर कागदाचा व्ही आकाराचा बारकासा रायडर ठेवायचा, फोर्क वाजवून पेटीवर टेकवायचा आणि तारेखालचा ब्रिज (सरकता टेकू) सरकवत जायचं, लांबी बरोबर जुळली की रायडर टुणकन उडतो. तिचा उडतच नव्हता. मी बघितलं तर कोपऱ्यातला कूलर धडधडत होता आणि त्याच्या थरथरीनं रायडर आधीच नाचून राहिला होता, मग फोर्कमुळे नाचला की कूलरमुळे कळणार कसं. कूलर बंद केला. पाच मिनिटांत आम्ही दोघं घामानं निथळलो, पण रायडर शांत बसला. मग तिनं ब्रिज केसभर सरकवला आणि कागद उडून थेट तिच्या वहीवर पडला. ती जे हसली ना, ते स्मार्ट बोर्डवर दिसत नाही हो.

मोठ्या वस्तूंना क्वांटम अवस्थेत आणायचं काम म्हणजे शेवटी हाच कूलर बंद करायचा उद्योग आहे. कंप पावणारी कोणतीही वस्तू ऊर्जा घेते ती ठरावीक पायऱ्यांनी, एक पायरी म्हणजे कंपाचा एक दाणा. आपल्या तारेच्या बाबतीत पायरी इतकी बुटकी आहे की ती दिसत नाही, उतरणच वाटते. मी हिशोब करून बघितला. पंचेचाळीस अंशाच्या खोलीत २५६ हर्ट्झची तार नुसत्या उष्णतेनं साधारण २,६०० कोटी पायऱ्या वर चढून बसलेली असते. तिला सगळ्यात खालच्या पायरीवर उतरवायचं तर बारा नॅनोकेल्विनच्याही (अंशाच्या बारा अब्जांशाच्याही) खाली जावं लागेल. म्हणून लोक कंपांची संख्या वाढवतात, पायरी उंच होते, काम सोपं होतं. सहा अब्जवाल्या पट्टीला मिलिकेल्विन पुरले ते त्यामुळेच.

आणि हिऱ्याचं तर काय सांगू. २०११ मध्ये ऑक्सफर्डला तीन-तीन मिलिमीटरचे दोन हिरे टेबलावर वेगवेगळे ठेवून त्यांच्या अणुजाळीचं कंपन एकमेकांत गुंतवलं, म्हणजे कंपाचा एकच दाणा आणि तो या हिऱ्यात की त्या हिऱ्यात हे ठरलेलंच नाही, आणि ते सुद्धा साध्या खोलीच्या तापमानाला. कारण हिऱ्यातलं ते कंपन सेकंदाला चाळीस लाख कोटी वेळा होतं, पायरी एवढी उंच की नागपूरचा मे महिना सुद्धा तिला वर चढवू शकत नाही. टिकतं मात्र काही पिकोसेकंदच, नॅनोसेकंदाचे हजारावे भाग. आणि हे केलं कशानं? रामन परिणामानं, म्हणजे वस्तूवरून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो त्यानं. तेच आपले रामन, ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र गांधीसागरच्या काठावर आहे, आणि जे १९१० मध्ये अकाउंट्स खात्याच्या नोकरीत काही काळ याच नागपुरात होते. त्याच माणसानं १९२० मध्ये मृदंग आणि तबल्याच्या सुरांवर "नेचर"मध्ये लिहिलं होतं, शाई लावल्यामुळे चामड्याचे वरचे सूर सुरेल कसे होतात त्यावर. त्या काळात कोणी त्यांना ढोलकी कालबाह्य आहे असं सांगितलं नाही हे आपलं नशीब.

आणखी एक गोष्ट, जी त्या दिवशी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी चुकीची सांगितली आणि टाळ्या पडल्या. ते म्हणाले सोनोमीटरची तार एकाच वेळी दोन सुरांत वाजते तेच क्वांटम. नाही हो. तारेत दोन सूर असतात तेव्हा दोन्ही खरोखर असतात, कान लावला तर दोन्ही ऐकू येतात. क्वांटममध्ये शून्य दाणा आणि एक दाणा अशी सुपरपोझिशन असते आणि मोजायला गेलं की दोनपैकी एकच उत्तर मिळतं, कधी हे कधी ते. मग दोन्ही होतं हे कशावरून? तोच प्रयोग हजारो वेळा परत करून, मोजण्याआधी मधला वेळ बदलत बदलत, आकडे खालीवर कसे झुलतात ते बघून. हा फरक समजायला आधी तारेतले दोन सूर स्वतःच्या कानानं ऐकलेले असावे लागतात. नाहीतर फरक कशापासून?

आणि नुसतं थंड करून भागत नाही. नागपंचमीला झोका देतो तसं एखाद्या कंप पावणाऱ्या वस्तूला कितीही हळू ढकललं तरी ती सुपरपोझिशनची मांजर बनत नाही, नुसता झोका उंच जातो. कारण तिच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या. एकाच पायरीवर थांबव म्हणावं तर थांबत नाही. म्हणून तिला एका अशा सर्किटशी जोडतात ज्याच्या पायऱ्या असमान आहेत, ते सर्किट आधी हो-नाहीच्या मधे आणायचं आणि मग तो गोंधळ कंपनात ओतायचा. अशा सर्किटांची मुळं ज्या १९८४-८५ च्या कामात आहेत त्यासाठी क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं नोबेल मिळालं. हाच तो मार्टिनिस, पट्टीवाला.

२०२३ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात असंच सर्किट एका नीलमणीच्या स्फटिकाला जोडलं. त्यातला हलणारा भाग सोळा मायक्रोग्रॅम, खसखशीच्या दाण्याहून हलका, पण अणू किती तर एकावर सतरा शून्यं. तो सगळा एकाच वेळी उलटसुलट दोन तालांत हलत होता. आतापर्यंतची सगळ्यात जड "मांजर" म्हणून तेव्हा गाजली ती. फक्त दोन अवस्थांमधलं अंतर एका अणूच्या आकारापेक्षाही खूप लहान होतं, म्हणून फ्लेक्सवरचं "तुम्हीही दोन ठिकाणी" हे वाक्य खाली उतरवा. जड वस्तू ही एक गोष्ट आणि लांबचं अंतर ही दुसरी, दोन्ही एकत्र अजून कोणालाच जमलेलं नाही. रेणूवाल्यांकडे अंतर आहे पण वजन नाही, स्फटिकवाल्यांकडे वजन आहे पण अंतर नाही, आणि सगळी मजा त्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. तिथे पोचलं तर शास्त्रज्ञ पेनरोज म्हणतात तसं गुरुत्वाकर्षणच सुपरपोझिशन मोडतं का हे बघता येईल. लंडनच्या सौगत बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेला प्रयोग करता येईल, दोन बारीक कण, दोन्ही दोन-दोन जागी, आणि मधे फक्त गुरुत्वाकर्षण. ते दोघं गुंतले तर गुरुत्वाकर्षणही क्वांटमच. हे काम आपल्या पोरांच्या हयातीतलं आहे. तुमच्या आमच्या नाही, त्यांच्या.

आता तक्रारी.

निर्णय घेताना लॅबमध्ये उभं राहून शिकवणारा एकही माणूस विचारला नाही. विभागातल्या मॅडमना पण नोटीस बोर्डवरच कळलं. डेडस्टॉक रजिस्टर (लॅबच्या सामानाची नोंदवही) माझ्या ताब्यात असतं, तरी "कालबाह्य" हा शेरा कोणीतरी माझ्या गैरहजेरीत, मी मुलीच्या अॅडमिशनसाठी रजेवर असताना, एका ओळीत सगळ्या सामानाला मारला. अकरापैकी नऊ सोनोमीटर चालू आहेत. दोन केटरच्या लोलकांपैकी एकाची सुरी-धार मी स्वतः इतवारीतून घासून आणली होती, पैसे मागितले नाहीत, आता सांगतोय म्हणून सांगतोय. त्या लोलकानं पोरं नागपूरचा जी (गुरुत्वाकर्षणाचा वेग-वाढीचा आकडा) काढतात आणि ९.७८ च्या जवळ येतो. तो ब्रॅकेट भिंतीत पक्का बसवायला आम्हाला तीन उन्हाळे लागले, कारण ब्रॅकेट जरा सैल असला की लोलकाची ऊर्जा भिंतीत गळते आणि दोलन लवकर मरतं. जगातल्या भारी लॅबमध्ये सिलिकॉन नायट्राइडचे अतिपातळ पडदे ढोलकीच्या चामड्यासारखे ताणून, कडेला कंप गळू नये म्हणून बाजूनं नक्षीदार भोकं पाडून बसवतात, ते याच दुखण्यावरचं औषध आहे. आमच्या पोरांना ते दुखणं माहीत होतं. पुढच्या बॅचला माहीत नसेल.

प्रॅक्टिकलच्या जागी काय आणलं तर स्क्रीनवरचा लोलक. तो कधीच चुकत नाही. पंखा लागला तरी हलत नाही, खाली रस्त्यानं ट्रक गेला तरी हलत नाही. मग पोरगं चूक कशाला शोधेल बाप्पा? मागच्या आठवड्यात एकानं स्क्रीनवर जी ९.८१ (पुस्तकातला आकडा, नागपूरचा नाही) आणला आणि मला म्हणाला सर, एरर झिरो. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि पैशाचं. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३ कोटी मंजूर झाले, त्यात सेन्सिंगचं (अतिसूक्ष्म मोजमापाचं) केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. २०२५ हे साल तर जगभर क्वांटमचं म्हणूनच साजरं झालं. त्यामुळे प्रत्येक कॉलेजला पाटी लावावीशी वाटते, समजू शकतो, कॉलेजला श्रेणी देणारे नॅकवाले येतात, फोटो लागतात. पण आपण काही डायल्यूशन फ्रिज (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारं यंत्र) घेणार नाही, आपल्याकडे साधा पिण्याच्या पाण्याचा कूलर दोन वर्षं बंद आहे. मग आपल्याला जे जमतं ते तरी ठेवा ना.

आता हिंगोलीचं. औंढा नागनाथच्या बाजूला लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा, होऊन राहिली, चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि आत चाळीस किलोचे आरसे. आरसे कशाला टांगलेले? लोलकाला. अमेरिकेतल्या लायगोत २०२१ मध्ये त्या आरशांचं एकत्रित दोलन लेझर आणि फीडबॅकनं ७७ नॅनोकेल्विनपर्यंत थंड करून अकराव्या पायरीच्या आसपास आणलं. सुपरपोझिशन नाही ती, उगाच फुगवून सांगत नाही, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे कोणी बोललं असतं तर हसले असते. उद्या हिंगोलीला माणसं लागतील. कंपन ओळखणारी, कुठून थरथर येते ते शोधणारी, हातानं बसवणारी. हिंगोली काही परदेश नाही, आपली पोरं जाऊ शकतात तिथे. पण मुलाखतीत विचारलं की बाळा लोलक कधी हातात घेतलास का, तर ते काय स्मार्ट बोर्ड दाखवतील?

मागण्या सरळ आहेत. शनिवारचा भंगाराचा व्यवहार थांबवा. निर्लेखनाची यादी, एकेका नगाच्या स्थितीसकट, नोटीस बोर्डवर लावा आणि विभागाची लेखी संमती घेतल्याशिवाय एक स्क्रूही बाहेर जाऊ देऊ नका. सात नंबर आठवड्यातून निदान तीन दिवस प्रॅक्टिकलला परत द्या, उरलेले दिवस क्वांटम सेल खुशाल चालवा, पाटी पण राहू द्या, मला पाटीचा त्रास नाही. फ्लेक्सवरचं ते वाक्य काढा. सेलच्या बजेटमधून काही हजार रुपये मला किंवा विभागाला द्या, त्यात मी सोनोमीटरला मायक्रोफोन आणि मोबाईलवर आलेख दिसेल अशी सोय करून देतो, टेबलाखाली थरथर मारायला सायकलच्या ट्यूब आणि फरशीचे तुकडे लावून देतो, त्यावर पोरं स्वतः मोजतील की कंप किती वेळ टिकतो आणि कशानं मरतो. सेलच्या समितीत प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमना घ्या. मला घेतलं नाही तरी चालेल, दोन वर्षांत रिटायर होतोय.

यातल्या कुठल्याही मागणीला नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा, कारणासकट.

एक सांगायचं राहिलं. सामान जिन्याखाली ओलीत होतं, पावसाचं पाणी येत होतं, म्हणून मी आणि दोन पोरांनी ते उचलून स्टोअरच्या आतल्या खोलीत ठेवलंय. चोरी नाही, रजिस्टरला तशी नोंद केली आहे, वेळ आणि सही सकट. चावी माझ्याकडे आहे. शुक्रवारी दुपारी दोनपासून पाचपर्यंत मी तिथेच असेन आणि एक सोनोमीटर लावून ठेवीन. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या, रायडर स्वतः उडवून बघा. कूलर मात्र बंद ठेवावा लागेल, तेवढा रुमाल घेऊन या.

आपला विश्वासू,
फिजिक्सचा लॅब असिस्टंट
नागपूर